प्राचीन ग्रीक शिकायला अथेन्सला: दोन आठवड्यांचा खरा हिशोब

प्लेटो, हेरोडोटस किंवा होमर मूळ भाषेत वाचायची इच्छा असलेल्यांसाठी ग्रीसमध्ये उन्हाळ्यात छोटे अभ्यासवर्ग भरतात. बहुतेक वर्ग दोन-तीन आठवड्यांचे असतात. सकाळी व्याकरण आणि वाचन, दुपारनंतर किंवा शनिवार-रविवारी अ‍ॅक्रोपोलिस, डेल्फी, एपिडॉरस अशा ठिकाणी सहल. माहितीपत्रकात वर्गाची फी ठळक छापलेली असते आणि खर्चाचा विचार तिथेच थांबतो. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या माणसासाठी मात्र ही फी बऱ्याचदा एकूण खर्चाचा चौथा हिस्साही नसते. बाकीचे पैसे कुठे जातात, त्यातलं काय वाचवता येतं आणि काय वाचवू नये, ते इथे मांडलं आहे.

हिशोबासाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरला आहे. बँक प्रत्यक्षात याहून जास्त दर लावते, तेवढे टक्के आपले आपण वाढवून घ्यावेत. तिकिटांचे आणि करांचे दर २०२५ च्या उन्हाळ्यातले आहेत. फी, मुक्काम, जेवण आणि विमान यांचे आकडे मात्र हात राखून केलेले अंदाज आहेत.

वर्ग निवडताना

अथेन्समधल्या अनेक भाषाशाळा ‘ग्रीक कोर्स’ अशी जाहिरात करतात, पण तिथे शिकवलं जातं ते आजचं बोलीतलं ग्रीक. ते शिकणंही चांगलंच, पण त्यावर सोफोक्लीस वाचता येणार नाही. म्हणून ‘प्राचीन’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावात आणि रोजच्या वेळापत्रकात, दोन्हीकडे आहे का ते पाहावं.

दुसरी गल्लत होते ती पुरातत्त्वाच्या शाळांबाबत. अथेन्समध्ये १८८१ पासून अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज आहे आणि १८८६ पासून ब्रिटिश स्कूल. या फार मोठ्या संस्था आहेत. पण त्यांचे उन्हाळी कार्यक्रम मुख्यतः स्थळं, उत्खनन आणि इतिहास यांवर असतात. भाषा पहिल्यापासून शिकायची असेल तर ती जागा वेगळी. भाषेसाठी सर्वांत चर्चेत असलेला प्रकार म्हणजे जिवंत ग्रीक, म्हणजे शिक्षक वर्गात प्राचीन ग्रीकच बोलतो. पायडेया इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संस्था कोरिंथच्या आखाताकाठी सेलिआनितिका या गावात असा वर्ग घेत आली आहे. ज्यांनी आधी थोडंफार व्याकरण केलं आहे त्यांच्यासाठी हा प्रकार विलक्षण उपयोगी आहे. ज्यांनी केलेलं नाही त्यांना पहिले काही दिवस फार जड जातात.

आणि दोन आठवडे म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची उन्हाळी ग्रीक कार्यशाळा दहा आठवड्यांची असते, आणि तिथे विद्यार्थी दिवसभर दुसरं काहीच करत नाहीत. दोन आठवड्यांच्या वर्गात रोज चार तास धरले आणि शनिवार-रविवार वगळले, तर हातात चाळीस तास येतात. कोऱ्या पाटीच्या माणसाला एवढ्या वेळात अक्षरओळख, थोडी रूपचक्रं आणि चार सोपी वाक्यं एवढंच मिळतं. तयारीने गेलेला माणूस त्याच चाळीस तासांत खरा उतारा वाचायला लागतो. खालचा हिशोब पाहिलात तर कळेल की परदेशात एका दिवसाला सुमारे एकोणीस हजार रुपये पडतात. त्या भावाने अल्फा-बीटा गिरवू नयेत. ते घरी, फुकट होतं.

निघण्याआधीचे तीन महिने

घरच्या तयारीचा सगळा खर्च तीन ते सहा हजार रुपयांत बसतो. चोवीस अक्षरं आठवडाभरात येतात. त्यानंतर रोज पाऊण तास दिला तर तीन महिन्यांत नामांचे पहिले दोन गण, वर्तमानकाळाची रूपं, सर्वनामं आणि तीनेकशे शब्द सहज होतात. पुस्तकांत केंब्रिजचं ‘रीडिंग ग्रीक’ आणि ऑक्सफर्डचं ‘अथेनाझे’ ही दोन नावं बहुतेक वर्गांत ऐकू येतात. दोन्ही घेऊ नका. आपला वर्ग कुठलं वापरतो ते विचारून तेवढंच घ्या. पैसेच घालायचे नसतील तर जॉन विल्यम्स व्हाइट यांचं १८९६ चं ‘फर्स्ट ग्रीक बुक’ स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि इंटरनेटवर पूर्ण मिळतं. ते विद्यार्थ्याला थेट झेनोफोनच्या ‘अनाबासिस’पर्यंत नेतं. लिडेल आणि स्कॉट यांचा जाडजूड कोश विकत घेण्याची किंवा सामानातून नेण्याची मुळीच गरज नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ संग्रहात आणि शिकागो विद्यापीठाच्या ‘लोगेइऑन’ अ‍ॅपवर तो मोफत आहे.

संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला इथे मोठी मदत होते, आणि ती माहितीपत्रकात कोणी सांगत नाही. ग्रीकमध्ये विभक्ती पाचच आहेत, आठ नाहीत. द्विवचन आहे. आत्मनेपदाच्या जातीचा प्रयोग आहे. भूतकाळात धातूच्या आधी ‘अ’सारखा आगम लागतो: संस्कृतात ‘अभरम्’, ग्रीकमध्ये ‘एफेरॉन’. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी आठवडेच्या आठवडे ज्या गोष्टींशी झगडतात, त्या आपल्याला दहावीच्या शब्दरूपावलीमुळे ओळखीच्या वाटतात. एका ठिकाणी मात्र सावध राहा. संस्कृत वर्गांत लुङ् लकार शेवटी, बहुधा परीक्षेपुरता येतो. ग्रीकमध्ये त्याचा भाऊ, अओरिस्ट, पानापानावर भेटतो. घरी वेळ उरला तर तो त्यालाच द्या.

तयारी शिक्षकाकडून करायची असेल तर पुण्यातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांमध्ये नव्या कराराचं ग्रीक शिकवलं जातं. बाहेरच्यांना बसू देतात का, हे त्या त्या संस्थेला विचारावं लागेल. हे ग्रीक ‘कोइने’, म्हणजे सिकंदरानंतर सर्वत्र पसरलेलं व्यवहाराचं रूप. प्लेटो आणि सोफोक्लीस यांचं ते अ‍ॅटिक, हेरोडोटसचं आयोनिक, होमरचं त्याहून जुनं. वर्ग निवडताना कुणाला वाचायचं आहे हे आधी ठरवा. बहुतेक वर्ग अ‍ॅटिकपासून सुरू करतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथून बाकीच्या रूपांकडे जाणं सोपं.

मराठी वाचकासाठी एक मजकूर मी आवर्जून सुचवीन: ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाणारी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहितीपुस्तिका. ती कोइने ग्रीकमध्ये आहे, गद्य आहे, आणि लेखक साहित्यिक नसून व्यापारी वळणाचा असल्यामुळे वाक्यं फार गुंतागुंतीची नाहीत. तिच्यात पैठण आहे, तेर आहे, सोपारा आणि चौल आहेत. भडोचहून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर पूर्वेला दहा दिवसांवर, असं ती सांगते. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, हेही तिच्यात आहे. दोन-तीन परिच्छेदांचा हा भाग शिक्षकाला आधी पाठवून ‘शेवटच्या दोन दिवसांत हा वाचायचा आहे’ असं सांगता येतं. लहान गटाचे शिक्षक असं ऐकून घेतात.

आता आकडे

दोन आठवड्यांचा वर्ग, अथेन्समध्ये सोळा रात्री, एकटा प्रवासी असं धरू.

फक्त शिकवण्याची फी लहान गटासाठी सातशे युरोच्या आसपास धरा, म्हणजे सत्तर हजार रुपये. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट, आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदलून, तीन-चार महिने आधी काढलं तर साठ हजार. व्हिसा, विमा आणि अर्ज केंद्राचं शुल्क मिळून चौदा हजार.

सर्वांत जास्त पैसे राहण्यावर जातात. पांग्राती, कुकाकी किंवा किप्सेली या वस्त्यांत साधी खोली पन्नास युरोने धरली तर सोळा रात्रींचे ऐंशी हजार. इथे एक कर आहे, जो खोली शोधण्याच्या संकेतस्थळांवर पहिल्या किमतीत बऱ्याचदा दिसत नाही. ग्रीस पर्यटकांच्या मुक्कामावर हवामान-आपत्तीसाठी शुल्क घेतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते एका रात्रीला, एका खोलीमागे, एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकितात ५, चारमध्ये १० आणि पाचमध्ये १५ युरो असतं. थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांवर ते ८ युरो आहे. सोळा रात्रींचे १२८ युरो, म्हणजे जवळजवळ तेरा हजार रुपये. त्यामुळे पंचेचाळीस युरोचं घर आणि पन्नास युरोचं दोन तारांकित हॉटेल यांत हॉटेल स्वस्त पडतं. शुल्क खोलीमागे असल्याने दोघांनी खोली वाटून घेतली तर तेही अर्धं होतं. वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर राहण्याची सोय आहे का, हे संस्थेला पहिल्याच पत्रात विचारा. या सगळ्या खर्चात सर्वांत मोठी बचत इथेच आहे.

जेवणाला दिवसाला पंचवीस युरो धरले तर चाळीस हजार. सकाळी तीळ लावलेली कुलूरी आणि कॉफी, दुपारी पिता (भाजी किंवा चीज भरून भाजलेला पदार्थ), रात्री तावेर्नात, म्हणजे साध्या खाणावळीत, एक पदार्थ, असं यात बसतं. शाकाहाऱ्यांनी मुळीच घाबरू नये. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, फासोलादा हे घेवड्याचं सूप, पालकाची पिता, उकडलेल्या रानभाज्या हे रोजचं ग्रीक जेवण आहे. ‘निस्तीसिमो’ असं विचारलंत तर उपासाच्या काळात चालणारे पदार्थ कळतात. त्यांत मांस, अंडी, दूध नसतं, पण कालव आणि कोळंबी चालतात, तेवढं तपासून घ्या. प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एकदा रस्त्यावर ‘लाइकी’ बाजार भरतो. खोलीला स्वयंपाकघर असेल तर फळं, टोमॅटो, ऑलिव्ह तिथून घ्यावेत. पिण्याच्या पाण्याच्या अर्ध्या लिटर बाटलीची किंमत कायद्याने अर्ध्या युरोवर बांधलेली आहे. टपरीवर त्याहून जास्त देऊ नका. तसं पाहता अथेन्सच्या नळाचं पाणी पिण्यासारखं आहे.

शहरातल्या फिरण्याला फारसे पैसे लागत नाहीत. मेट्रो-बस-ट्रामचं नव्वद मिनिटांचं तिकीट १.२० युरो, पाच दिवसांचं ८.२०. विमानतळावरून मेट्रो ९ युरो आणि एक्स ९५ क्रमांकाची बस साडेपाच. सगळं मिळून साडेचार हजार रुपये पुरेत. स्थळांच्या तिकिटांना पंधरा हजार, अथेन्सबाहेरच्या दोन सहलींच्या बसभाड्याला साडेसहा हजार, पुस्तकं आणि फोनचं सिम पाच हजार.

ही बेरीज तीन लाख आठ हजारांच्या आसपास जाते. यावर दहा टक्के अडीअडचणीला ठेवा. राहणं-जेवण-सहली धरून अडीच हजार युरो सांगणारा निवासी वर्ग सुरुवातीला महाग वाटतो, पण त्यात विमान, व्हिसा आणि किरकोळ खर्च मिळवला तर साडेतीन लाखांत काम होतं. म्हणजे फरक चाळीस हजारांचा. पंचवीस-तीस वर्षांच्या, पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्या विद्यार्थ्याला मी निवासी वर्गच सुचवीन, कारण जेवताना आणि संध्याकाळी होणारं वाचन वेगळ्या पैशांनी मिळत नाही. ज्यांना घरगुती स्वयंपाक हवा, किंवा जे जोडीने जात आहेत, त्यांना स्वतःची व्यवस्था परवडते.

सहली: कुठल्या पैशांच्या मोलाच्या

सहल हा या वर्गांचा मोठा आकर्षणबिंदू, आणि तिथेच दर्जात सर्वांत जास्त फरक असतो. गाइडच्या मागे फिरून इंग्रजीत माहिती ऐकणं ही पर्यटकाची सहल झाली. भाषेच्या विद्यार्थ्याची सहल अशी हवी की तो समोरच्या दगडावरची ओळ स्वतः वाचील आणि शिक्षक चूक सुधारील. म्हणून वेळापत्रकात ‘डेल्फी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथे काय वाचणार, हे विचारा.

या कसोटीवर माझी पहिली पसंती अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयाला. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला लागूनच आहे, गर्दी नसते, आणि तेरा हजारांहून अधिक लेख त्यांच्या ताब्यात आहेत. कायदे, खर्चाच्या याद्या, करार, थडग्यांवरच्या ओळी. शब्दांत जागा न सोडता कोरलेली मोठी अक्षरं पहिल्यांदा वाचताना डोळे गोंधळतात, आणि अर्ध्या तासाने एक नाव सुटं होऊन दिसतं. पाठ्यपुस्तक हे देऊ शकत नाही.

शेजारच्या राष्ट्रीय संग्रहालयात फ्रासिक्लेइया ही तरुणीची संगमरवरी मूर्ती आहे, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली, १९७२ मध्ये अ‍ॅटिकातल्या मेरेंदा इथे सापडलेली. तिच्या चौथऱ्यावरचा लेख तिच्याच तोंडी आहे. तिथेच दिपिलोनचा मद्याचा सुरईवजा कलश आहे, त्यावर ग्रीक लिपीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक खरवडलेला आहे, इसवी सनपूर्व आठव्या शतकाचा. शिकणाऱ्यासाठी ही दोन संग्रहालयं मिळून एक पूर्ण दिवस ठेवावा. दोन तासांत उरकणारा वर्ग त्यांचं सोनं करत नाही.

प्राचीन अगोरात अत्तालोसच्या ओसरीत, जी अमेरिकन स्कूलने १९५० च्या दशकात पुन्हा उभारली, हद्दपारीच्या मतदानाच्या खापऱ्या आहेत. त्यांवर थेमिस्टोक्लीससारख्या पुढाऱ्यांची नावं हाताने खरडलेली आहेत. केरामेइकोस या जुन्या दफनभूमीत देक्सिलेओस या घोडेस्वाराची शिळा आहे. त्याचं जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष तिच्यावर कोरलेलं आहे, ही ग्रीक थडग्यांवर अगदी विरळ गोष्ट. तीन महिन्यांच्या तयारीत ही नावं, क्रियापदं, वर्षाचा उल्लेख वाचता येतो.

अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट २०२५ च्या एप्रिलपासून ३० युरो झालं, आणि पूर्वीचं अनेक स्थळांचं एकत्र तिकीट बंद झालं. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत अजून त्याचा सल्ला आहे, त्यावर विसंबू नका. प्रवेश वेळेच्या पाळीने मिळतो. ग्रीक सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावरूनच काढा, मध्यस्थ त्याच तिकिटावर बरेच पैसे चढवतात. सकाळी आठची पाळी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास अ‍ॅक्रोपोलिस बंद ठेवतात. खालचं अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय ही वेगळी संस्था आहे, तिचं तिकीट वेगळं. सरकारी स्थळांना नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी, शिवाय १८ एप्रिल, १८ मे, २८ ऑक्टोबर आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी प्रवेश मोफत असतो. सप्टेंबरच्या अखेरीचा वर्ग मिळाला तर ऊनही उतरलेलं असतं आणि तिकिटांचे पाचेक हजार रुपये वाचतात.

डेल्फी अथेन्सपासून सुमारे १८० किलोमीटर. सार्वजनिक ‘क्तेल’ बसने अडीच-तीन तास लागतात आणि जाण्यायेण्याला तीस-पस्तीस युरो धरावेत. प्रवासी कंपनीच्या सहलीला याच्या तिप्पट लागतात. अपोलोच्या मंदिराखालच्या बहुकोनी दगडांच्या भिंतीवर आठशेच्या आसपास लेख आहेत. त्यांतले बहुतेक गुलामांना मुक्त केल्याचे दस्तऐवज आहेत, एकाच साच्यातली वाक्यं पुन्हा पुन्हा. म्हणूनच नवशिक्याला ती वाचण्याजोगी. बहुतेक पर्यटक त्या भिंतीजवळून वर निघून जातात. शिक्षक तिथे थांबवणार असेल तर सहलीचे पैसे वसूल झाले समजा.

एपिडॉरसच्या रंगमंदिरात जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवार-शनिवारी प्राचीन नाटकं होतात. वरच्या रांगांची तिकिटं स्वस्त असतात आणि आवाज तिथेही पोचतो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की संवाद बहुधा आधुनिक ग्रीक अनुवादातले असतात, इंग्रजी उपशीर्षकांसह. मूळ पद्य ऐकायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. त्या दगडी पायऱ्यांवर बसून नाटक पाहणं हे मात्र कुठल्याही फीपेक्षा मोठं आहे, ही माझी ठाम समजूत आहे.

व्हिसा आणि पैसे पाठवणं

नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेनचा लघुमुदतीचा व्हिसा पुरतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून जूनच्या वर्गासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये हालचाल करा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. संस्थेचं प्रवेशपत्र, मुक्कामाचा पुरावा, बँकेचे उतारे, विवरणपत्रं, नोकरीतल्या रजेचं पत्र एकत्र ठेवा. ब्रिटन किंवा आयर्लंडमधला उन्हाळी ग्रीक वर्ग निवडलात तर हा व्हिसा तिथे चालत नाही, त्यांचा वेगळा काढावा लागतो.

फी बँकेतून परदेशी पाठवताना पावतीवर ‘शिक्षण’ असं कारण लिहून घ्या आणि संस्थेचं पत्र जोडा. हाच वर्ग भारतातल्या एजंटाकडून सहल-पॅकेज म्हणून घेतला तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनासाठी तीन-साडेतीन टक्के लागतात. दुकानाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा.

पैसे भरण्याआधी संस्थेकडून लेखी उत्तरं घ्यायची ती अशी. रोज प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती आणि गट किती जणांचा? उच्चार कुठला? ग्रीसमधले शिक्षक प्राचीन मजकूर बऱ्याचदा आजच्या ग्रीक उच्चाराने वाचतात, तर पाश्चात्त्य विद्यापीठांत युरोपीय विद्वान एरास्मस याच्या परंपरेचा उच्चार चालतो. घरी एक शिकून तिथे दुसरा ऐकला की पहिला आठवडा गोंधळात जातो. सहलीच्या दिवशी स्थळांची तिकिटं आणि बस फीमध्ये धरली आहे का? किमान संख्या भरली नाही तर वर्ग रद्द होतो का, आणि कधी कळवतात? आणि सर्वांत महत्त्वाचं: व्हिसा नाकारला गेला तर फीतले किती पैसे परत मिळतात? व्हिसाचं शुल्क तर परत मिळतच नाही. नाकारल्याचं पत्र दाखवल्यावर अनामत सोडून बाकी फी परत करण्याचं जे लेखी देतील, त्यांच्याकडेच पैसे भरा. विमानाचं आणि खोलीचं आरक्षणही व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच ठेवा, मग ते दोन-चार हजारांनी महाग पडलं तरी चालेल.